विठ्ठलरावांच्या बेसिनचा नट

आमची सून वनिता अंबाजोगाईत नळाची कामं करती. माझ्या पोराचं, नाथाचं, कंबरडं गेलं, तवापासून नवऱ्याची पान्यांची पिशवी हिनंच उचलली. सुरुवातीला मीच लई बडबडले. बाईमाणसानं लोकांच्या न्हाणीत शिरायचं म्हंजे काय! ती ऐकून घ्यायची अन् पिशवी घेऊन चालू लागायची.

पण लोक काम द्यायचे ते वायसर बदलायचं. मोठं काम पहिलं आलं ते विठ्ठलराव डॉक्टरांचं. त्यांच्या निजामाच्या काळातल्या बंगल्यात चिनीमातीचं जाडजूड बेसिन, त्याला पितळी नळ. नळ काढून दुरुस्त करायचा होता, पण खालचा नट बोअरच्या खारट पाण्यानं असा धरलेला की हलंना. सुग्रीव मिस्त्रीनं हात टेकले. "फोडा अन् नवं बसवा," म्हणला. वनिता करणार म्हणल्यावर तर चौकभर सांगत सुटला मेला, "आता बघा, बेसिनाचे तुकडे गोळा करा!" अन् खरंच तडकलं असतं, तर हिला गावात वायसर बदलायलासुद्धा कुणी बोलावलं नसतं.

वनितानं पाना लावलाच न्हाई. माझी वर्षाची चिंच काढली, कोळ केला, चिंध्या भिजवून नटाला गुंडाळल्या. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. मी चिंचेवरून तोंड सोडलं, तर म्हणती कशी, "देवाची भांडी कशानं निघत्यात, आत्याबाई?" 

चौथ्या दिवशी राहवंना, मी बी गेले. हिनं बेसिनखाली शिरून नटावर गरम पाण्याचं फडकं धरलं, पाना लावला अन् आवळला की!

"अगं बया, आवळतीस कावून? सोडायचाय ना!"

"धरलेला नट आधी जरासा आवळायचा, आत्याबाई. मग सुटतो."

तेवढ्यात कट्‌कन आवाज आला. "गेलं बेसिन!" मी वरडले. डॉक्टर पळत आले, बेसिनावरून हात फिरवला. कुठं चीर न्हाई. फुटला होता तो नटावरचा खार. नट गरागरा फिरला अन् वनिता नट घेऊन बाहेर आली, तोंडभर पांढरा चुरा, हसायली नुसती. माझी छाती अशी फुगली म्हणता!

डॉक्टर म्हणले, "वरच्या मजल्यावरची दोन्ही बेसिनं तुम्हीच करायची."

पंधरा दिवसांनी सुग्रीव आमच्या दारात. "छबुबाई, वनिताताई हायेत का? एका जागी नट लई धरलाय."

मी उंबऱ्यातूनच म्हणलं, "बस. मिस्त्री जेवायलीय."