पाठीवरचा नवरदेव

माझं शरीर मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते काकाच्या दाढीच्या आरशात. पडवीच्या खांबाला खिळ्याने लटकवलेला, तळहाताहून थोडा मोठा आरसा. त्यात एका वेळी एकच दंड मावायचा, आणि तो मावला की आरसा काठोकाठ भरायचा. भरलेला आरसा पाहून मी मनाशी ठरवून टाकलं की तुर्भ्यापासून शिरवण्यापर्यंत आपल्या जोडीचा गडी नाही. दंडाला ताईत होता, तो मी इतका आवळून बांधायचो की वरचं मांस आपोआप फुगायचं. हात बधीर व्हायचा, पण बधीर हात आरशात दिसत नाही.

मॅट्रिकच्या वर्षी शाळेत नवे ड्रिल मास्तर आले. त्यांनी आम्हा पोरांची ताकद मोजायचं काढलं. दांड्याला लोंबकळून हनुवटी वर न्यायची, मैदानाला फेऱ्या मारायच्या, आणि शेवटी आपल्याच वजनाचा गडी पाठीवर घेऊन मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. दांड्याशी माझी हनुवटी काही भेटली नाही. पळताना पोटात कळ आली. पाठीवरचा गडी अर्ध्या वाटेवर मी खाली ठेवला. म्हणजे मी 'ठेवला' म्हणतो, तो अजून 'पाडला' म्हणतो. मास्तरांनी सगळ्यांसमोर निकाल सांगितला, "कच्चा."

"सर, तो पाठीवर हलत होता."

"बाळा," मास्तर म्हणाले, "तुझा समज तुझ्यापेक्षा बराच धडधाकट आहे."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि घरी जाऊन आरशात पुन्हा दंड पाहिला. दंड जागेवर होता. मग मास्तरांचंच काहीतरी चुकलं असणार.

त्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. तिला मी बाय म्हणायचो. मुलगा खाडीपलीकडचा, ट्रॉम्बेच्या बाजूचा, मुंबईत गिरणीत पगारी. त्यांचं घर पक्कं, आमचं कुडाचं. वऱ्हाड होडीने यायचं होतं. आमच्याकडे अशा नवऱ्याला नवरीचा भाऊ पाठीवर घेऊन होडीतून किनाऱ्याला आणतो. मांडवाच्या दारात सासू पाय धुवेपर्यंत नवऱ्याच्या पायाला चिखल लागता कामा नये. भरतीला होडी धक्क्याजवळ येते, काम चार पावलांचं असतं. ओहोटीला मात्र मधे सगळा चिखल उघडा पडतो. तेव्हा भावाच्या जागी मिठागरात पाट्या वाहणारा एखादा काका-मामा पुढे होतो आणि कुणी काही मनात आणत नाही.

मी मात्र गावभर सांगून ठेवलं होतं, "भरती असो नायतर ओहोटी, नवरा मीच आननार."

हळद लागली त्या दुपारी बायने मला मागच्या दारी गाठलं. अंगभर हळद, डोळे तेवढे काळे.

"पानी असलं तर तू घे," ती म्हणाली. "वहाट लागली, पानी हटलं तर काकाला घेऊ दे."

"का? मी कच्चा हाय?"

"तुला बोलतील त्याचा मना काय नाय रे. पन मना तिथं जन्म काढायचाय. ती मानसं पयल्या दिवशी हसली तर मना म्हातारी होईपर्यंत ऐकवतील."

मी मान हलवली. ती मान हलवणं मला आजही आठवतं, कारण त्यात होकार नव्हता.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड उशिरा निघालं, आणि होडी दिसेस्तोवर पाणी मागे सरकलेलं. होडी दूरच टेकली. धक्क्यावर आमचा गाव, होडीत त्यांचा गाव, मधे काळा, चकचकीत चिखल. ताशावाल्यांनी सुरुवात केली. काकाने धोतर खोचलं.

"सर बाजूला, पैलवान," काका म्हणाला. "तू वरून ऑर्डर दे."

पोरं फिदीफिदी हसली. बस्स. मी सदरा काढला, ताईत आवळला आणि चिखलात उतरलो.

जाताना रुबाबात गेलो. होडीच्या काठावर नवरदेव बसले होते: मुंडावळ्या, पांढरंशुभ्र धोतर, आणि गिरणीच्या पगारावर पोसलेलं अंग. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "नक्की ना, मेवने?"

"बसा तुमी," मी म्हणालो.

ते बसले, आणि मला मास्तर आठवले.

पहिली काही पावलं गेली. मग श्वास संपला. चिखलात थांबायचं नसतं, हे आमच्या गावात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. थांबलास की रुतलास. मी थांबलो. जरा दम खाऊ, असं मनात आलं तोवर चिखल गुडघ्यापर्यंत आला होता. उजवा पाय उपसावा तर डावा आणखी खाली जाई. ताशा वाजतच होता. धक्क्यावरून काका ओरडला, "अरे चाल, देवा, चाल!" होडीतून एक म्हातारी म्हणाली, "पोरगा पेरलाय का नवरा?" आणि दोन्ही गावं एकदम हसली.

मी पडलो असतो तर बरं झालं असतं. पडण्यात निदान झटपट सुटका असते. मी नुसता उभा होतो, थरथरत, घाम डोळ्यांत, पाठीवर नवरदेव.

शेवटी कानाशी आवाज आला, "सोडा, मेवने. मी उतरतो."

"नको हो, दाजी. बाय मारेल मना."

"तुमी मराल त्याच्या आधी."

ते उतरले. पांढरं धोतर मांड्यांपर्यंत काळं झालं. त्यांनी मला काखेत हात घालून उपटलं आणि हाताला धरून, शाळेत नेतात तसं, धक्क्यावर आणलं. मांडवाच्या दारात आईने त्यांचे पाय धुतले. तांब्यामागून तांबे पाणी ओतलं तरी ते काळंच निघत होतं. बाय खाली मान घालून त्या पाण्याकडे पाहत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. त्यांच्याकडची म्हातारी, म्हणजे बायची सासू, मोठ्याने म्हणाली, "यांच्याकडे मानसं नाय का उचलायला?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. कुणी विचारलंही नाही.

पहिल्या सणाला तिला माहेरी आणायला भावाने जायचं असतं, म्हणून मी गेलो. ओटीवर पाय ठेवतोय तोच बाय आतून धावत आली आणि कानात म्हणाली, "त्या दिवशी तुला ताप होता. अंग भाजत होता तरी बहिनीसाठी उतरला, असा मी सांगितलाय. जरा खोक."

"मना कुठं ताप होता?"

"खोक म्हनते ना!"

मी खोकलो. सासू बाहेर आली. मला वाटलं, ही काही आपल्यासारख्या गड्याला आजारी समजायची नाही. तिने माझे दंड पाहिले, मान पाहिली, बरगड्या पाहिल्या, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"खरं गं बाय, खरंच," ती म्हणाली. "अजून भरला नाय पोर."

घरात कालव्यांचं कालवण शिजत होतं. मला मऊ पेज दिली, वर चिमूटभर मीठ. दाजी समोर बसून कालवण ओरपत होते आणि माझ्याकडे न पाहण्याचा फार प्रयत्न करत होते. मी पेज संपवली. मधूनमधून खोकलो.

निघताना बायचं बोचकं उचलायला मी वाकलो, तर सासू ओरडली, "त्याला नको देऊ! पुन्हा आजारी पडंल." बायने बोचकं डोक्यावर घेतलं. ती पुढे, मी मागे. वळणापर्यंत मी खोकत गेलो. घर दिसेनासं झाल्यावर म्हणालो, "दे आता माझ्याकडे."

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "राहू दे," म्हणाली. "होडीत इथल्या गावची मानसं असतील. परत येऊन सासूला सांगतील, भाऊ चांगला ठनठनीत हाय म्हनून."

आणि ती बोचकं सावरत पाण्याच्या दिशेने चालू लागली. तिच्या पावलांशी पावलं मिळवताना मला खराच दम लागत होता.