चौदा आहे, जा

चौदाकाकांचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिक' एवढंच, आणि तेही अर्धं शेजारच्या टायरवाल्याच्या पत्र्याआड गेलेलं. चौदा हे नाव पडलं ते त्यांच्या एका वाक्यामुळे. गाडी यायची, बॉनेट उघडलं जायचं, काका मीटरच्या दोन सुया बॅटरीच्या दोन टोकांना टेकवायचे, गाडी चालू करायला सांगायचे, आकडा बघायचे आणि म्हणायचे, "चौदा आहे, जा." की गिऱ्हाईक निर्धास्त. आकडा कमी भरला तर काका काही बोलायचेच नाहीत, नुसते पाना शोधायला लागायचे. मग गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

हिशेब अगदी सोपा होता, तुम्हाआम्हालाही कळेल असा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या पुढेमागे दाखवते. इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो, वीज तयार करून बॅटरीत भरायला लागतो, आणि आकडा चढून चौदाच्या घरात जातो. चढला तर भरणं चालू आहे. नाही चढला तर अल्टरनेटर गेला, गाडी आता फक्त बॅटरीच्या जिवावर चाललीये आणि कुठेतरी आडरस्त्याला बसणार, हे नक्की. या एवढ्या ज्ञानावर काकांनी दुकान चालवलं, बायको गेल्यावर एकट्याने लेक वाढवली आणि तिचं लग्नही लावून दिलं.

एका बाबतीत माणूस भलताच कडक. तेरा पॉइंट आठ असेल तर तेरा पॉइंट आठच सांगायचे. "चालेल" म्हणायचे, पण चौदा म्हणायचे नाहीत. घाईतलं एखादं गिऱ्हाईक कुरकुरायचं, "काका, जवळपासच आहे की." काका म्हणायचे, "जवळपास माझ्याकडे मिळत नाही, शेजारी विचारा." शेजारी टायरवाला अंदाजपंचे हवा भरत बसलेला असायचा. त्याला याचा राग यायचा नाही, तोच सगळ्यात मोठ्याने हसायचा.

लेक लहान असताना शाळा सुटली की दुकानातच यायची आणि जुन्या बॅटरीच्या खोक्यावर ठाण मांडायची. गाडी आली की बॉनेटच्या पलीकडे येऊन उभी राहायची. मीटरचं तोंड काकांकडे असायचं, ही समोरच्या बाजूला, त्यामुळे आकडे उलटे वाचायची तिला सवयच लागली होती. काका मान वर करायच्या आत ती ओरडायची, "चौदा पॉइंट दोन, बाबा." टायरवाल्याने तिचं नाव पॉइंट ठेवलं. बाप चौदा आणि लेक पॉइंट, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पुढे काकासुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायला लागले.

मग नव्या गाड्या आल्या, आणि काकांच्या मते अल्टरनेटर तरणेताठे मरायला लागले. गाडी चालू केली की आकडा चौदावर जायचा, थोडा वेळ टिकायचा आणि घसरून साडेबारावर येऊन बसायचा. काका पाना शोधायला लागायचे. नर्सबाईंच्या गाडीचा अल्टरनेटर त्यांनी काढला, शाळामास्तरांच्या गाडीचा काढला. दुसरा बसवला तरी आकड्याचा तोच खेळ. काका म्हणायचे, हल्ली मालच धड येत नाही. ही मंडळी शोरूमला दाखवतो म्हणून जी गेली ती परत फिरकली नाहीत. शोरूमवाले गिऱ्हाइकं पळवतात, असं काका टायरवाल्यापाशी बोलत राहिले. टायरवाला मान डोलवायचा, त्याचं काय जात होतं.

आणि एका रविवारी लेक-जावई नवीकोरी गाडी घेऊन आले. लेकीला दिवस गेलेले. जेवणं झाली, निघायची वेळ झाली. काका मीटर घेऊन आले नसते तरच नवल. आधी चौदा पॉइंट चार. काका खूश. मग आकडा उतरत उतरत बारा पॉइंट सहावर आला आणि तिथेच थांबला. वाटेत मोठा घाट होता.

"अल्टरनेटर भरत नाहीये, जावईबापू. अशी गाडी न्यायची नाही."

जावई सरळ माणूस. म्हणाला, "बाबा, समोर एकही दिवा लागलेला नाही. आणि गाडी अगदी नवी आहे हो."

"दिव्याला काय कळतंय? मीटर खोटं बोलत नाही."

जावयाने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबांना बघू दे. ते उगाच नाही म्हणायचे नाहीत." झालं, त्याने किल्ली काकांच्या हातात दिली.

काकांनी अल्टरनेटरभोवती हात घातला. एक बारीक वायर एका चिमुकल्या प्लगने त्याला जोडलेली होती. जुन्या गाड्यांत तसलं काही नसायचं. काकांनी सहज तो प्लग ओढला, आणि काय सांगू, आकडा टणकन चढून चौदावर. काकांचं तोंड असं उजळलं की लेकीलाही हसू आलं. "ही बयाच घोळ घालत होती," म्हणाले, आणि प्लग चिकटपट्टीत नीट गुंडाळून बाजूला बांधला. समोर लाल दिवा लागला होता. तो राहू द्या म्हणाले. "चौदा आहे, जा."

घाटात निम्म्यावर गाडीने एकावर एक इशारे द्यायला सुरुवात केली. आधी एसी बंद पडला, मग समोरच्या पडद्यावर गाडी थांबवा म्हणून आलं. जावयाने घाबरून गाडी कडेला घेतली. शोरूमची उचलून न्यायची गाडी येईपर्यंत काकांची लेक, त्या अवस्थेत, रस्त्याकडेच्या कठड्यावर उन्हात बसून होती.

दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला. भांडला असता तर बरं झालं असतं, काकांनी चार शब्द ऐकवले असते किंवा ऐकून घेतले असते. पण तो शांतपणे समजावत राहिला. "बाबा, या गाड्यांत बॅटरीवरच एक सेन्सर असतो. बॅटरी पुरेशी भरली की कॉम्प्युटरच अल्टरनेटरला सांगतो, आता दम घे. तेवढंच इंधन वाचतं. ब्रेक मारला की परत भरून घेतो. ते सांगणं त्या बारीक वायरमधून जातं, ती सुटली म्हणून गाडी घाटात थांबवा थांबवा करत होती. बारा पॉइंट सहा म्हणजे सगळं ठीक होतं, बाबा."

काका म्हणाले, "आणि अल्टरनेटर खरोखर गेला, तर किती दाखवेल?"

"तेव्हाही बारा पॉइंट सहाच दाखवेल की सुरुवातीला."

"मग ओळखायचं कसं?"

"गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावावा लागतो, तो आतलं वाचून सांगतो. तुम्ही नका आता या वयात त्रास घेऊ."

फोन ठेवल्यावर काकांना पहिल्यांदा नर्सबाई आठवल्या, मग मास्तर, मग एकेक जण. चांगले दात उपटावेत तसे त्यांनी धडधाकट अल्टरनेटर उपटून काढले होते, आणि लोक बिचारे काही न बोलता निघून गेले होते. कुणी पळवलं नव्हतं त्यांना. काकांना त्या दिवशी दुकानात बसवेना. शटर अर्धं ओढून ते आत खोक्यावर बसले आणि रडले, चांगले हमसून रडले. टायरवाल्याला ऐकू येत होतं, पण तो आत गेला नाही.

नंतर एकदा तो म्हणाला, "तूही एक स्कॅनर घे की." काका म्हणाले, घेईन. घेणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. अधूनमधून एखादी म्हातारी गाडी यायची तेवढीच, मग त्याही भंगारात गेल्या. काका सकाळी दुकान उघडायचे, मीटर पुसायचे आणि बसून राहायचे. कुणी विचारलं काय चाललंय, तर म्हणायचे, "बसलोय."

बाळ वर्षाचं झाल्यावर लेक एकटीच त्याला घेऊन भेटायला आली, तीच गाडी चालवत. बाळ मागच्या सीटवर झोपलेलं. निघताना तिने दुकानासमोर गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि स्वतः उतरून बॉनेट उघडलं.

"बाबा, जरा बघून घ्या ना."

"नको गं पॉइंट. जावईबापू नको म्हणालेत."

"ते घरी आहेत. मी सांगतेय ना."

तिला दया आली आहे, हे न कळायला काका काही खुळे नव्हते. पण तिला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं होतं? त्यांनी मीटर आणला. सुया टेकवल्या. आकडा बारा पॉइंट सहा.

बॅटरी भरली म्हणून अल्टरनेटर दम घेतोय, की अल्टरनेटर मेलाय आणि लेक नातवाला घेऊन तशाच गाडीने घाटात चाललीये? काका आकड्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्याने सगळं सांगितलं तो आकडा आता काहीच सांगत नव्हता. लेक समोर उभी होती, लहानपणी उभी राहायची तशी, बॉनेटच्या पलीकडे.

"चौदा आहे," काका म्हणाले. "जा."

तिची नजर मीटरवर गेली. उलटे आकडे वाचायला तिला अजूनही वेळ लागत नव्हता.

"हो बाबा," ती म्हणाली. "चौदा पॉइंट दोन."

आणि तिने बॉनेट लावलं.