विसरभोळ्याच्या गोळ्या

गुलाबाच्या मळ्यावर फुलांच्या दांड्यांची लांबी बघून प्रतवारी करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘विसरभोळे’ म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. एकदा तो बायकोला दवाखान्यातच सोडून एकटा घरी आला आणि दार उघडत नाही म्हणून तिलाच हाका मारत बसला. हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा.

आपल्याला एचआयव्ही आहे हे कळलं तेव्हाही तो म्हणाला, “माझ्याकडे राहायला आलाय म्हणजे बिचाऱ्याला दुसरीकडे कुठे जागा मिळाली नसणार.” बायको हसली नाही. तिच्या रक्तात मात्र काही निघालं नाही, तेव्हा दोघंही दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

गोळ्या सुरू झाल्या. पण वर्ष उलटलं तरी रक्तातले विषाणू काही कमी होईनात.

“काका, गोळ्या चुकवता ना?” सिस्टरने डोळे वटारले.

“घेतो हो. पण माझा काय भरवसा?”

मग बायकोने कारभार हाती घेतला. जेवण झालं की ती पुढ्यात उभी राहायची. “आ करा. जीभ वर करा.”

“नीट बघ, माझी अक्कलही तिथेच कुठेतरी असेल.”

तरीही विषाणूंचा आकडा चढतच गेला. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. “दांड्या निवडता निवडता मीच दांडी झालो,” असं म्हणून तो शेडमध्ये हशा पिकवायचा. एकटा असला की मात्र स्वतःवर चरफडायचा: बाकी सगळं विसरलास ते ठीक, आता जगायचंही विसरलास का?

त्याच सुमारास एक डॉक्टरीणबाई मळ्यावर आल्या. इथे कुठून कुठून कामगार येतात, त्यांच्यातल्या विषाणूचे किती प्रकार आहेत, ते त्यांना तपासायचं होतं. यानेही रक्त दिलं. काही महिन्यांनी बाईंनी नवराबायकोला बोलावून घेतलं.

“तुमच्यातला विषाणू दोन प्रकारांची सरमिसळ आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे विषाणूचाही माझ्यासारखाच गोंधळ!”

“गोंधळ आमचा झाला. औषध सुरू करण्याआधीचं तुमचं रक्त दवाखान्याने जपून ठेवलं होतं, तेही मी तपासलं. हा विषाणू त्या गोळीला पहिल्यापासूनच दाद देत नव्हता. तुम्ही ती नेमाने घेतलीत, तीच कुचकामी होती. आता दुसरं औषध देते.”

बाहेर आल्यावर बायको खाली मान घालून म्हणाली, “आणि मी रोज तुमचं तोंड तपासत होते हो.”

“तपासत होतीस म्हणून तर माझी खात्री पटायची, की गोळी घेतलीय.”

नवीन औषध लागू पडलं. आकडा उतरला, कपडे पुन्हा अंगाला बसू लागले.

पुढच्या खेपेला बाई आल्या तेव्हा लोक लांबूनच बघत होते. हाच पुढे झाला, बाही वर करून स्टुलावर बसला आणि मोठ्याने म्हणाला, “या रे! एका तपासणीने माझं वर्षानुवर्षं कमावलेलं नाव घालवलं. आता घरी काही विसरलो तर सबब म्हणून उरली नाही.”

हसत हसत दोघीजणी रांगेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे मळ्याचा ड्रायव्हरही आला.