अध्यक्षांकडे तोंड करून

वक्तृत्वाच्या वर्गात मी नाव घातले तेव्हा माझे वय इतर विद्यार्थ्यांच्या मानाने इतके अधिक होते की, पहिल्या दिवशी दोघातिघांनी उठून मला नमस्कार केला. मी प्राध्यापक असावा असा त्यांचा समज झाला होता. मी मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा तो समज गेला, आणि त्याबरोबर तो नमस्कारही गेला. पुढे वर्षभर माझ्यासाठी कोणी उठले नाही.

निजामाविरुद्धची पोलीस अ‍ॅक्शन होऊन तेव्हा काही वर्षे लोटली होती. शहरात नवे कॉलेज निघाले होते, त्यात शिकवायला पुण्याकडून प्राध्यापक आले होते, आणि कचेऱ्यांतली उर्दू हळूहळू बंद होऊ लागली होती. माझे सारे शिक्षण त्या उर्दूतून झालेले. फारसीही मला बरी येत असे. गारखेड्याच्या आमच्या शेतकरी घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. शिक्षण आटोपताच जिल्ह्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि तिथेच वाढलो, म्हटले तरी चालेल. राज्य बदलले तेव्हा माझी नोकरी गेली नाही, परंतु मी जे शिकलो होतो त्याची किंमत गेली. म्हणून सकाळी कॉलेज आणि त्यानंतर कचेरी, असा क्रम मी उशिराच्या वयात सुरू केला.

मला शिक्षक व्हायचे होते. कचेरीत खेड्यांतली माणसे माझ्यापुढे हात जोडून उभी राहत, आणि मी साहेबापुढे तसाच उभा राहत असे. या दोन्ही उभे राहण्यांचा मला वीट आला होता. वर्गात उभा असलेला माणूस कोणापुढे उभा नसतो, तो नुसता उभा असतो, असे मला वाटे. ही इच्छा मी पत्नीखेरीज कोणाला सांगितली नव्हती. मोठ्याने काही मागण्याची सवयच मला नव्हती.

त्याच सुमारास शहरात एक नवी मराठी शाळा निघाली होती. तिचे मुख्याध्यापक वक्तृत्व शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापकांचे स्नेही होते. वर्गाच्या समारोपाच्या सभेला ते अध्यक्ष म्हणून येणार होते आणि चार माणसांत उभे राहून जे नीट बोलतील, अशा दोघांना जूनपासून शाळेत शिक्षक म्हणून घेणार होते. प्राध्यापकांनी हे जाहीर केले त्या दिवशी मी कचेरीत दोन वेळा चुकीचा जावक क्रमांक घातला.

पहिल्या खेपेला मी बोलायला उठलो तेव्हा घशातून आवाज निघाला तो केवळ पुढच्या बाकाने ऐकला. प्राध्यापक वर्गाच्या अगदी मागे भिंतीशी खुर्ची टाकून बसत. बोलणाऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला पाहिजे, ही त्यांची पहिली अट.

"मुन्शीजी, भाषण करताय की फर्मान वाचताय?"

"जी, भाषण."

"'जी' नको हो आता. 'होय' म्हणा. जीचे दिवस संपले."

"व्हय म्हणा, मुन्शीजी, व्हय!" मागून कोणीतरी ओरडले आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून माझे नाव मुन्शीजी पडले. प्राध्यापक ते प्रेमाने घेत असावेत असे मी स्वतःला अनेक दिवस पटवीत होतो.

पैठण गेटजवळ राहणाऱ्या एका वकिलांचा मुलगा आमच्या वर्गात होता. त्याचे वक्तृत्व प्राध्यापकांना फार आवडे. विषय शिस्तीचा असो, ग्रामोद्योगाचा असो किंवा स्वच्छतेचा, त्याचे प्रत्येक भाषण अखेर हुतात्म्यांच्या रक्तापर्यंत जाऊन थांबे आणि त्याचा उजवा हात वर गेलेला असे. मला तो म्हणाला, "मुन्शीजी, तुम्ही विचार फार करता. सभेला विचार नको असतो, गरमी लागते." सल्ला त्याने चांगल्या मनाने दिला होता. तो खरा होता, हेच मला बोचले.

मी घरी सराव करू लागलो. गोठ्यात संध्याकाळच्या धारेच्या वेळी कोणी येत नसे, म्हणून मी तिथे उभा राहून बोले आणि पत्नी म्हशीखाली बसून ऐके.

"आवं, जरा हळू," ती म्हणे. "म्हस पान्हा चोरतीया."

"आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे."

"शेवटचा माणूस कुठंय इथं? मी आन् ही म्हस." मग धार काढता काढता, "मास्तर झाल्यावर पगार वाढतुया का?"

"नाही. थोडा कमीच होईल."

"मंग कशापायी एवढा जीव काढता?"

मी म्हणालो, मला शिकवायचे आहे. तिने चरवी उचलली आणि म्हणाली, "मंग बोला. म्हशीला सवं व्हईल."

म्हशीला सवय झाली आणि मलाही झाली. हिवाळा सरेपर्यंत माझा आवाज प्राध्यापकांच्या खुर्चीपर्यंत सहज जाऊ लागला. मी वाक्ये पाठ करीत नसे, रचून ठेवीत असे, आणि बोलताना ती क्रमाने येत. लोकशाहीत साध्या नागरिकाने प्रश्न का विचारावा, या विषयावर मी वर्गात बोललो तेव्हा कोणी हसले नाही. प्राध्यापक मागून म्हणाले, "मुन्शीजी, तुम्ही तर माणसांत आलात." त्या वाक्यातला डंख मला फार उशिरा कळला. त्या दिवशी मी आनंदाने सायकल हातात धरून गारखेड्यापर्यंत पायी गेलो.

आता सभेची एक रीत सांगितली पाहिजे. सभेत अध्यक्ष व्यासपीठावर मध्यभागी बसतात. वक्ता त्यांच्यासमोर, टेबलापुढे उभा राहतो. त्याने प्रथम अध्यक्षांकडे वळून किंचित झुकून "अध्यक्ष महाराज" म्हणायचे, मग श्रोत्यांकडे तोंड करून "आणि बंधुभगिनींनो" म्हणायचे, आणि पुढचे सारे भाषण अध्यक्षांना पाठीशी ठेवून करायचे. वर्गात आम्ही हे एका रिकाम्या खुर्चीपुढे गिरवले होते. रिकाम्या खुर्चीला पाठ करताना मला काहीच वाटले नव्हते.

कचेरीत मात्र रीत निराळी होती. मी रुजू झालो त्याच आठवड्यात हेडक्लार्कने मला फाईल घेऊन साहेबासमोर कसे जावे आणि कसे परतावे, हे शिकवले होते. जाताना सलाम करायचा. परतताना साहेबाकडे तोंड ठेवून, उलट्या पावलांनी, दाराला लावलेल्या चिकाच्या पडद्यापर्यंत यायचे आणि चिकाबाहेर पडल्यावरच वळायचे. साहेबाला पाठ दाखवणे ही बेअदबी. माझ्यासमोर एका उमेदवार कारकुनाकडून ती घडली, तेव्हा त्याला दुपारभर अंगणात उन्हात उभे केले होते. राज्य गेल्यावर हा दंडक कोणी मोडीत काढला नाही आणि कोणी चालूही ठेवला नाही. मी मात्र तसाच येत-जात राहिलो. उलटे चालताना मला कधी टेबलाचा कोपरा लागला नाही, इतके ते अंगवळणी पडले होते.

समारोपाच्या सभेला सभागृह भरले होते. व्यासपीठावर पांढरी चादर घातलेले टेबल, मध्ये मुख्याध्यापक आणि बाजूला प्राध्यापक. मुख्याध्यापक उंच, धिप्पाड, काळा लांब कोट घातलेले. बसण्याची त्यांची ढब हुबेहूब आमच्या जुन्या साहेबांची होती. दोन्ही पंजे टेबलावर, बोटे पसरलेली. वकिलांचा मुलगा माझ्याआधी बोलला. टाळ्या झाल्या. मग माझे नाव पुकारले गेले.

मी गेलो. अध्यक्षांकडे वळलो, झुकलो, "अध्यक्ष महाराज" म्हणालो. आवाज स्वच्छ आला. त्यानंतर वळायचे होते, आणि मी वळलो नाही.

मला भीती वाटत नव्हती, हे मी आजही सांगतो. सारे भाषण माझ्यापाशी तयार होते. केवळ पाय वळत नव्हते. मी "आणि बंधुभगिनींनो" हेही अध्यक्षांच्याच तोंडाकडे पाहून म्हणालो आणि भाषण सुरू केले. प्राध्यापक हलक्या आवाजात म्हणाले, "समोर बघा, समोर." मी मान वळवली, धड तसेच राहिले. एक वाक्य श्रोत्यांकडे गेले, पुढचे वाक्य पुन्हा अध्यक्षांकडे. मग अध्यक्षांकडे तोंड ठेवूनच मी श्रोत्यांच्या दिशेने उलटे पाऊल टाकू लागलो. बहुधा शरीराला वाटले असावे की आता निघायची वेळ झाली.

"आवं, इकडं बघा की! अध्यक्षाशी लगीन लागतंय व्हय तुमचं?"

"मुन्शीजी, रयत इकडं हाय!"

"पडतंय, पडतंय! धरा त्येला!"

कडेला पाय लागला तेव्हा मी थांबलो. प्रत्येक साध्या नागरिकाने मान वर करून प्रश्न विचारला पाहिजे, हे माझे वाक्य त्या वेळी चालू होते. ते मी पुरे केले. लोक इतके हसत होते की ते कोणाला ऐकू गेले नसावे. अध्यक्षांना मात्र गेले, कारण मी त्यांनाच सांगत होतो. उरलेले भाषण मी बोललो नाही. खाली उतरलो तोही, मला नंतर सांगण्यात आले, उलट्या पावलांनीच.

अध्यक्षीय भाषणात मुख्याध्यापक म्हणाले, "निजाम गेला, मित्रहो. पण काहींच्या मानेतून तो अजून गेलेला नाही." सभागृहात त्या दिवशीची सर्वांत मोठी टाळी या वाक्याला पडली. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने टाळी वाजवताना माझ्याकडे पाहिले आणि हात खाली घेतले. ती दया मला टाळीपेक्षा असह्य झाली.

सभा संपली. मुख्याध्यापक निघाले तेव्हा आमचे प्राध्यापक त्यांचा हार हातात घेऊन अर्धे पाऊल मागे, किंचित वाकून चालत होते आणि त्यांच्या प्रत्येक शब्दाला हसत होते. वकिलांच्या मुलाने दारात त्यांच्या पायांना हात लावला. तो आदर होता. माझी ती गुलामी होती. दोन्हींतला फरक मी अनेक वर्षे शोधला. मला एवढाच सापडला की, त्यांना वळता येत होते.

चार दिवसांनी धीर करून मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभा राहून, त्यांच्या डोळ्यांत पाहून, मी काय घडले आणि का घडले हे सारे सांगितले. एकही शब्द अडखळला नाही. ते शांतपणे ऐकत राहिले.

"छान बोलता की तुम्ही," ते म्हणाले. "मग त्या दिवशी काय झालं होतं?"

तेच तर मी सांगत होतो.

"शिक्षक दोघेही घेतले आम्ही. वकीलसाहेबांचा मुलगा आहे एक. पण असं करा," त्यांनी बोटे टेबलावर पसरली, "शाळेला एक विश्वासू कारकून हवा आहे. शिस्तीचा. तुमच्यासारखा माणूस शोधून मिळायचा नाही. याल?"

हा अपमान आहे हे मला कळत होते. शाळेच्या भिंतींच्या आत तरी राहता येईल, हेही त्याच क्षणी मनात आले. मी म्हणालो, "जी."

घरी सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, "म्हंजी कचेरीच की. निस्ती जागा बदलली."

त्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत होतो. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे वर्ग होता. वकिलांच्या मुलाचा आवाज तिथून येई. तो इतिहास शिकवताना पुस्तकातली वाक्ये मोठ्याने वाची आणि मधेच हात वर नेत असावा, कारण आवाजही त्याबरोबर वर जाई. तो वाईट शिक्षक होता असे मी म्हणणार नाही. मुलांना तो आवडे.

कधी एखादे शिक्षक रजेवर असले की मुख्याध्यापक शिपायाकडून मला निरोप पाठवीत : अमुक वर्गावर जाऊन बसा, शिकवायचे काही नाही, पोरे फक्त गप्प राहिली पाहिजेत. मी जात असे. खुर्चीवर बसत असे. समोर चाळीस-पन्नास तोंडे माझ्याकडे लागलेली असत, आणि मागे केवळ फळा असे. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, कायतरी सांगा ना."

"मी सर नाही," मी म्हणालो, आणि तास संपेपर्यंत त्यांना गप्प बसवले.