चाकावरची रेघ

लाज म्हणून काही चीज असते, हे कामिल पेंटरला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. उद्यमनगरात माझं डेंटिंगचं शेड आणि त्याचं रंगाचं, मध्ये एक पत्रा. पत्र्याला कान असतात, त्यामुळं त्याच्या घरातली भांडणंसुद्धा मला पाठ. पण डोळे नसतात. म्हणून यंदा पत्र्यापलीकडं त्यानं जे केलं, ते मलाही खंडेनवमीलाच कळलं, सगळ्यांबरोबर. मी जोतीराम. माझ्याविषयी एवढं पुरे.

कामिल उंच, काटकुळा, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपणहून चार हात लांब उभं राहावं. त्याचे वडील महंमद टांग्यांची चाकं रंगवायचे. टांगे गेले आणि कामिल मोटारींकडं वळला. कंपनीनं दिलेली गाडी आहे तशी चालवणं म्हणजे दुसऱ्याचा सदरा घालून स्वतःच्या लग्नाला जाणं, असं आमच्या कोल्हापूरकराचं मत. जीप असो की फियाट, आधी तिची मूळची बारीक चाकं निघायची. कुणी मुंबईच्या भंगारबाजारातून परदेशी गाडीची रुंद चाकं उचलून आणायचं. ज्याला ते जमत नव्हतं तो आमच्याच लेथवाल्याकडून लोखंडी रिम मधोमध कापून, आत पत्रा जोडून रुंद करून घ्यायचा. पुढं इथल्याच एका फौंड्रीनं ॲल्युमिनियमची पाच पाकळ्यांची चाकं ओतायला घेतली, तेव्हा तर वेडच लागलं लोकांना. कंपनीचे रंग दोन, काळा नाहीतर चंदेरी. आमच्याकडं चाक लाल, हिरवं, सायीच्या रंगाचं, आणि त्यावर कडेनं फिरणारी एक बारीक रेघ.

ती रेघ कामिलची. चाक खुंटाला अडकवून फिरवायचं आणि लांब केसांचा ब्रश जागच्या जागी धरायचा. चाक फिरतं, हात हलत नाही. रेघ निघाली तिथंच येऊन मिळाली पाहिजे, आणि कुठं मिळाली ते दिसता कामा नये. "सांधा दाखव आन चा माझ्याकडनं," असं तो गिऱ्हाइकाला बजावायचा. त्याचा चहा कुणी प्यायल्याचं मला तरी आठवत नाही.

मग कारखान्यातून चकचकीत अलॉय चाकं यायला लागली आणि रंगाचं काम बसलं. कामिल नंबरप्लेटा रंगवू लागला, ट्रकच्या मागं गुलाब काढू लागला. ते कामही पुढं रेडियमवाल्यांनी नेलं, मशीनवर अक्षरं कापून चिकटवणाऱ्यांनी. तेव्हापासून रेडियम या शब्दावर त्याचा दात. चहाच्या टपरीवर तो ठासून सांगायचा, "चिकटवणाऱ्याला कलाकार म्हनत न्हाईत." वाक्य इतकं गाजलं की उद्यमनगरात पोरंटोरंही म्हणायला लागली.

आता यातली मेख ऐका. त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, सनाचं, राजारामपुरीत रेडियमचंच दुकान.

लहानपणी ती ब्रश मागायची. "ह्ये पोरींचं काम न्हाई," म्हणून यानं दिला नाही. तेव्हा पोरीनं कात्री धरली. दुसऱ्याच्या दुकानात राबून शिकली आणि स्वतःचं दुकान टाकलं. तिनं लावलेली पट्टी मी पाहिलेली आहे. कडेला गरम हवा देते, मग अंगठा असा फिरवते की नख घातलं तरी कड सापडू नये. गावातले गाडीवाले तिच्याकडं रांग लावतात. पण पिकतं तिथं विकत नाही, तसं बापाच्या लेखी तिचं काम म्हणजे वह्यांना लेबलं लावणं. तिच्या दुकानात तो कधी गेला नाही. टपरीवरचं ते वाक्य सनाच्या कानावर गेलं नसेल असं होणं शक्य नव्हतं, ती काही बहिरी नव्हती. पण ती उलटून बोलली नाही कधी. ईदला बापाला कापड आणत राहिली.

हल्ली काळ पुन्हा फिरला. हौशी लोक गोठ्यातल्या, गोदामातल्या जुन्या गाड्या बाहेर काढू लागले आणि त्यांना जुन्या फोटोतल्यासारखी रंगीत चाकं हवीशी झाली. गुळाचे व्यापारी विजयसिंह आपली डुक्कर फियाट घेऊन कामिलकडं आले. पन्नासच्या दशकातली गाडी, तिच्यावर तीच जुनी पाच पाकळ्यांची चाकं. रंग बाटलीसारखा हिरवा हवा आणि वर सायीच्या रंगाची रेघ. "हातानंच काढायची बरं का मिस्त्री," विजयसिंह म्हणाले. "खंडेनवमीला आमच्या गाडीवाल्यांचा मेळावा हाय. तितं तुमचा सत्कार करायचा ठरलाय, फेटा बांधून."

कामिल बसल्या बसल्या वीतभर उंच झाला. इतकी वर्षं ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्याला फेटा! त्यानं हो म्हटलं. आणि तिथंच सगळं चुकलं, कारण त्याचा हात कापत होता.

कधीपासून, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. बशीत चहा सांडायचा तर तो कपाला शिव्या द्यायचा. आता चाक फिरवून ब्रश धरला की रेघ गांडुळासारखी वळवळायची. थिनरनं पुसायची, पुन्हा धरायची, पुन्हा पुसायची. पत्र्याअलीकडं मला थिनरचा वास यायचा आणि मी मूर्ख समजत होतो की स्वारी कामात दंग आहे. शेवटी एक दिवस तो जयसिंगपूरला पाव्हण्यांकडं म्हणून गेला आणि तिथल्या दुकानातून सायीच्या रंगाची रेडियमची बारीक पट्टी घेऊन आला. कोल्हापुरात घेतली असती तर सनाला कळलं असतं, म्हणून एवढा प्रवास. दार लावून त्यानं चारही चाकांवर ती चिकटवली. हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं, तेसुद्धा माझ्याकडं न बघता. म्हणाला, "जोतीराम, चोरी करताना बी एवढा घाम आला नसता."

खंडेनवमीला मंगल कार्यालयाच्या आवारात जुन्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. हत्यारांची, वाहनांची पूजा म्हणजे आमच्याकडं दिवाळीपेक्षा कमी नाही. कामिलला भगवा फेटा बांधला होता. त्याची बायको खैरुनबी आली होती आणि दुकानातली गर्दी सोडून सनाही आली होती, बापाचा सत्कार बघायला. लोक फियाटच्या चाकांपुढं वाकून बघत होते. "काय हात हाय!" म्हणत होते. मी स्वतः म्हणालो. कामिल मात्र चाकांकडं बघतही नव्हता. मला वाटलं, सत्काराचं दडपण असेल.

विजयसिंहांची बायको स्नेहल पूजेचं ताट घेऊन आली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, प्रत्येक चाकाला हळदकुंकू लावलं. नारळ फोडला, त्याचं पाणी पुढच्या चाकावर उडालं आणि ओलं कुंकू पाकळ्यांवरून ओघळलं. फोटो काढणारा म्हणाला, चाक पुसून घ्या. विजयसिंहांनी स्वतः रुमाल काढला. कुंकू सगळीकडून निघालं, फक्त रेघेच्या कडेला एक लाल धागा राहिला. त्यांनी जोर करून घासलं. तशी रेघेचं टोक सुटलं आणि चाकावरून खाली लोंबायला लागलं.

विजयसिंहांनी ते टोक चिमटीत धरलं. "मिस्त्री, ह्ये काय? ही तर पट्टी हाय!"

कामिलचं तोंड उघडं राहिलं. आणि त्यातून शब्द फुटायच्या आत सना पुढं झाली.

"म्या लावली, दादा. अब्बा नमाजाला गेलते तवा. एका जागी रेघंवर वरखडा पडला हुता, म्हनून वरनं पट्टी फिरवली. त्यास्नी ठावं न्हाई."

सरळ खोटं, पण किती पटकन. तिनं एका नजरेत ओळखलं असणार की ही पट्टी आहे, आणि ती कुणी लावली असणार तेही.

विजयसिंह तापले. आपल्या गाडीचं चारचौघांत हसं झालेलं. "अगं, पेंटरच्या पोटची तू, आनि त्यांच्याच रेघंवर चिकटवाचिकटवी केलीस? तुझा बाप म्हनतो ते काय खोटं न्हाय. चिकटवणाऱ्याला कलाकार म्हनत न्हाईत!"

लोक हसले. मीही हसलो असेन, खोटं कशाला बोलू. सनानं मान खाली घातली आणि फाटकाकडं चालू लागली. खैरुनबीनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि ती मुलीच्या स्कूटरवर मागं जाऊन बसली. कामिल आपल्या चपलांकडं बघत उभा होता. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज त्यानं ऐकला, तरी तो हलला नाही.

त्याचा सत्कार झाला! शाल पडली, हातात नारळ आला. जो तो येऊन खांद्यावर हात ठेवत होता. "वाईट वाटून घिऊ नका मिस्त्री, पोरींस्नी काय कळतंय?" आणि हा मान हलवत होता. ती हलवलेली मान आठवली की अजून आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं, असं तो म्हणतो. व्हायलाच पाहिजे.

पंगत बसली. कामिलच्या ताटात खंडेनवमीचं पहिल्या वाफेचं मटण वाढलं, पाहुणा म्हणून. त्यानं भाकरी मोडली, घास तोंडापर्यंत नेला, आणि तो हातातच राहिला. मग भरल्या ताटावरून तो उठला. खरकट्या हातानं मांडवात गेला आणि माइक उचलला.

"पट्टी म्या लावलीया," तो म्हणाला. "सनाचा काय संबंध न्हाई. माजा हात कापतोय. रेघ येत न्हाई मला आता."

तुम्हाला वाटेल लोक थक्क झाले. कशाचे! विजयसिंह जागेवरून उठले, त्यांचे डोळे भरून आले होते. "बघा, ह्येला म्हनत्यात बाप! मिस्त्री, लेकीला किती पाठीशी घालाल?" आणि पंगतीनं टाळ्या वाजवल्या. खरं बोलावं तर ते त्याच्या मोठेपणात जमा होत होतं. माणसाला चपलेनं मारलं तर सोसेल, पण या टाळ्या कशा सोसाव्या?

कामिल माइक टाकून तरातरा फियाटपाशी गेला. मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि पट्टीत नख घालून ती ओढू लागला. पट्टी पूर्ण फेरा घेऊन सुटली. खाली नुसता हिरवा रंग. रेघ नाही, वरखडा नाही, काही नाही. दुसऱ्या चाकाची ओढली, तिच्याखालीही काही नाही.

"बगा की!" तो ओरडला. "हिनं रेघंवर लावली म्हनत हुती न्हवं? कुठाय रेघ? हुती का कवा?"

आता मात्र विजयसिंह खाली बसले. कुणी कामिलकडं बघेना, आणि तो तर कुणाकडं बघूच शकत नव्हता. त्यानं फेटा काढून बॉनेटवर ठेवला, शालही ठेवली. मला एवढंच म्हणाला, "राजारामपुरीला सोड." वाटेत माझ्या मोटारसायकलवर पाठीमागं बसून त्यानं मला ते जयसिंगपूरचं सगळं सांगितलं. मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती. दोन्ही मी तसंच ठेवलं.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, रेडियमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नव्या गाड्या, नावं, देवांची चित्रं. सना एका टेम्पोच्या काचेवर अक्षरं बसवत होती. बाप आल्याचं तिनं पाहिलं आणि काम चालूच ठेवलं. गिऱ्हाइकं उभी होती, त्यातली चारपाच उद्यमनगरातली, याचं ते वाक्य पाठ असलेली. मला वाटलं, हा तिला बाजूला बोलावेल. त्यानं बोलावलं नाही.

"सना," तो सगळ्यांच्या समोर म्हणाला, "तितं सांगून आलोय, पट्टी माजी. तू लावली असतीस तर कुंकू आत शिरलंच नसतं."

तिचा अंगठा अक्षराच्या कडेवरून फिरत होता. तो थांबला.

"ह्ये तुमास्नी आज कळलं व्हय, अब्बा?"

कामिलला 'हो' म्हणता आलं असतं. एवढ्या सगळ्यावर तेवढी पळवाट त्याला कुणी नाकारली नसती. आज कळलं, डोळे उघडले, चुकलो, असं म्हटलं असतं तर पोरीनं कदाचित खुर्चीही पुढं केली असती.

"न्हाई," तो म्हणाला. "पयल्यापास्नं ठावं हुतं."

सनानं पुढच्या अक्षरामागचा कागद सोडवला, ते काचेवर दाबलं आणि गरम हवेचं मशीन हातात घेतलं. बाप उभाच होता. ती त्याला बस म्हणाली नाही.