चौदाव्या घरातला होकार

असले अनुभव सांगणाऱ्यांची मी स्वतः ऑफिसात चेष्टा करत आलोय, हे आधी कबूल करतो. देवधर्माचंही मला फारसं नाही. तरी हे लिहितोय, कारण दीड वर्ष झालं... डोक्यातून जात नाही.

मी जालन्याच्या ड्राय पोर्टकडे कंटेनरची वाहतूक करणाऱ्या एका ऑफिसात क्लार्क आहे. समुद्र नसलेलं बंदर. पण त्याच्या नावावर शहर बदलून राह्यलंय, जिकडंतिकडं नव्या कॉलन्या. आम्ही तेव्हा अंबडला राहायचो. रोज एसटीनं जाऊन-येऊन कंबर गेली होती, म्हणून जालन्यात भाड्यानं घर बघायचं ठरवलं. म्हणजे मी ठरवलं. बायको, सुनंदा, अंबडमध्ये ब्लाऊज शिवायची, गिऱ्हाईक बांधलेलं. ती नुसती सोबत यायची.

दर रविवारी हेच. जुना जालना झाला, भोकरदन नाका झाला, मंठा रोड झाला. कुठं पाणी दहा दिवसाला, कुठं जिना अंधारा, कुठं मालकाच्या शंभर अटी. तेरा घरं झाली. शेवटी शेवटी मी खोल्यासुद्धा नीट बघत नव्हतो.

चौदावं घर अंबड चौफुलीच्या पुढं, नव्या कॉलनीत. मालक म्हणजे धान्याच्या मोंढ्यातले एक वयस्कर मारवाडी सेठजी. घर कोरं, आत अजून कुणीच राहिलेलं नव्हतं. एका बाजूला बाभळी वाढलेला प्लॉट, दुसऱ्या बाजूच्या घराला कुलूप. वेळ दुपारी तीनची, लख्ख ऊन.

मी आणि सेठजी पुढच्या खोलीत उभे होतो. मागून सुनंदा आत येऊन किचनकडं गेल्यासारखं वाटलं. मी तिकडं न बघताच विचारलं, "कसं वाटतंय गं?"

आतून तिचा आवाज आला. "घेऊन टाका आता. लई फिरलो."

तिचाच आवाज — थकलेला, जरासा बसलेला. सेठजी हसले. म्हणाले, "सूनबाईंनी हो म्हटलं, मंग झालं की." आणि चावी माझ्या हातात दिली.

मी बाहेर आलो, तर सुनंदा कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसलेली. चप्पल काढून टाच चोळत होती. मला बघून म्हणाली, "झालं बघून?"

मी म्हणालो, तूच तर आत्ता हो म्हणालीस. रसवंतीवाल्या बाईंनी सांगितलं, ताई आल्यापासून इथून उठल्याच न्हाईत.

मी परत आत गेलो. किचनला दुसरं दार नाही, खिडकीला जाळी. फरशीवर बांधकामाची पांढरी धूळ... त्यात एकही पाऊल नाही. सेठजींना विचारलं. तेही गोंधळले, पण म्हणाले, आवाज बराबर ऐकला मी.

आम्ही अंबडची एसटी धरली. बरंच पुढं गेल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चौदा घरं फिरवलं तुम्ही. मला एकदाबी इचारलं न्हाई. आन् आज इचारलं, तर ते तिला."

राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.

मी विचारलं, मंग काय करायचं? चावी परत देऊ का?

अंबडच्या स्टँडवर गाडी वळली तेव्हा ती म्हणाली, "घेऊन टाका. पर पुढच्या खोलीत माझी मशीन बसंल."

आता आम्ही तिथंच राहतो. पुन्हा काही ऐकू आलं नाही, काही दिसलं नाही. सेठजींनी चौकशी केली, मीही केली. त्या जागेबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही. थकलेल्या माणसाला भास होतो म्हणावं, तर सेठजी कुठं थकले होते?

त्या दिवशी मी दोन वेळा तोच होकार, त्याच आवाजात ऐकला. दुसरा माझ्या बायकोचा होता. पहिला कुणाचा, ते मला आजही सांगता येत नाही.