सत्काराचं झाड

सत्यशीला जोगदंड पाटोद्यातल्या एका कचेरीत शिपाई आहे. साहेब बदलून आले की सत्कार, बदलून गेले की सत्कार, कुणी निवडून आलं की मोठा सत्कार. हल्ली हाराऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीतलं ऑर्किड देतात. त्याची जांभळी फुलं दोन महिने टेबलावर मिरवतात. ती गळाली की घंटी वाजते, "बाई, हे वाळलेलं उचला." झाड हिरवंगार असतं, पण बघतंय कोण! फुलं गेली म्हणजे झाड मेलं, हा अख्ख्या पाटोद्याचा ठाम समज. सत्यशीला झाड उचलते आणि कचऱ्याच्या डब्याला वळसा घालून सरळ घरी नेते.

पहिली तीन झाडं तिनं स्वतःच्या हातानं मारली, हे ती लपवत नाही. आमच्या काळ्या मातीत काय येत नाही, या ऐटीत तिनं भावाच्या शेतातली माती आणली, शेणखत मिसळलं आणि झाडं गळ्यापर्यंत पुरली. पंधरा दिवसांत मुळांचा चिखल झाला. ती ढसाढसा रडली. चौथं झाड मातीच संपली म्हणून जुन्या टोपलीत तसंच टांगून ठेवलं, आणि नेमकं तेच जगलं. या झाडाच्या मुळांना माती नको, हवा पाहिजे, हे तिला असं कळलं. मग ती देवळामागच्या ढिगातून नारळाच्या शेंड्या वेचायला लागली.

पारावरच्या आप्पारावनं टोमणा मारलाच. "तुमी तर देव मानत न्हाई, मग शेंड्या कावून नेता?"

"देव तुमचा तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, आप्पाराव. शेंडी माझ्या झाडाला पायजे."

पुढं आप्पाराव स्वतःच शेंड्या बाजूला काढून ठेवू लागला.

गोष्ट आहे ती आबासाहेबांच्या झाडाची. आबासाहेब तालुक्यातले पुढारी. दोन वर्षांपूर्वी ते निवडून आले तेव्हा कचेरीत त्यांना ऑर्किड दिलं गेलं. कुंडीवर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव होतं. आबासाहेब ते तिथंच विसरून गेले, फुलं गळाली, आणि दोन पानांचं ते झाड कुणीतरी परस्पर कचऱ्यात टाकलं. सत्यशीलानं ते तिथून उचलून घरी आणलं आणि उन्हाळ्यात ओल्या गोणपाटाच्या आडोशाला जगवलं. यंदा थंडीत त्याला दांडा फुटला आणि दांड्यावर अकरा कळ्या धरल्या. गल्लीतल्या कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला.

दुसऱ्याच दिवशी आबासाहेबांचा कार्यकर्ता संजय पितळेची कुंडी घेऊन दारात हजर.

"सोमवारी मांजरसुंब्याला मंत्री येणार हायती. आबासाहेबांचं झाड ह्या कुंडीत लावून द्या. सत्काराला पायजे."

आता खरं सांगायचं तर कुंडी बदलायला झालीच होती. शेंडीचा भुगा झाला होता, त्यात पाणी धरून राहत होतं आणि खालची मुळं तपकिरी पडायला लागली होती. हे तिला दिसत होतं आणि तिचा जीव खालीवर होत होता. पण आत्ता मुळं हलवली असती तर अकराच्या अकरा कळ्या पिवळ्या पडून गळाल्या असत्या.

"दिवस भरत आलेल्या बाईला तू घर बदलायला लावशील का?" तिनं विचारलं. "फुलं झडू दे. मग मी सोताच्या हातानं कुंडी बदलून झाड देते. शबुद हाय माझा."

संध्याकाळी नवरा, जीवन, काकुळतीला आला. "अगं, एका झाडापायी मोठ्या मान्साशी वैर कशाला? देऊन टाक."

"देईन की. पर मारून देणार न्हाई."

सकाळी स्वतः आबासाहेब आले. बोळ अरुंद, त्यामुळं गाडी वस्तीच्या तोंडाशीच राहिली. मतं मागण्याव्यतिरिक्त त्यांचे पाय या वस्तीला पहिल्यांदाच लागत होते.

"माझ्या सत्काराचं झाड, आन् मलाच न्हाई म्हणती?" ते हसले. "उचल बे, संजय."

सत्यशीला कुंडीसमोर उभी राहिली. तिनं पदर खोचला.

"झाड तुमचंच हाय, आबासाहेब. नाव बी हाय त्याच्यावर. फकस्त येवढं सांगा, कचऱ्यात पडलं होतं तवा ते कुणाचं होतं?"

शेजारणी दारांत आल्या होत्या. दोघींच्या हातांत मोबाइल होते. आबासाहेबांनी ते पाहिलं. संजय पितळी कुंडी तशीच छातीशी धरून उभा होता.

"ऱ्हाऊ दे," आबासाहेब म्हणाले. "फुलं झडली की निरोप दे."

"देते."

अकराही कळ्या उमलल्या. धारूरहूनसुद्धा लोक बघायला आले. सत्यशीला सगळ्यांना चहा पाजत होती आणि एकीकडं रोज मुळांकडं बघून मनात झुरत होती. पाणी कमी केलं, झाड वाऱ्याला ठेवलं, पण हात लावला नाही. एप्रिलअखेर शेवटचं फूल गळालं आणि तिनं शब्दाप्रमाणं संजयला फोन केला.

"झाड न्यायला ये. पाऊस लागला की कुंडी मी सोता येऊन बदलते."

"आता काय करायचं त्या वाळक्याचं? द्या टाकून."

"आबासाहेबांना इचार."

त्यानं विचारलं. फोनमधून आबासाहेबांचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला, "कसलं झाड?"

तिनं फोन ठेवला. मे महिन्याच्या आगीत कुंडी बदलणं म्हणजे झाडाचा जीव घेणं, म्हणून आणखी महिनाभर दम धरला. जूनमध्ये हवेत ओल आली आणि एके सकाळी पानाच्या बुडाशी नव्या मुळाचं हिरवं टोक दिसलं. ती त्याचीच वाट बघत होती; नवं मूळ फुटताना कुंडी बदलली तर झाड तगतं.

तिनं कात्री उकळत्या पाण्यातून काढली. मुळं कुंडीला आतून घट्ट चिकटली होती, ओढली असती तर तुटली असती. मग तिनं कुंडीच कापली, सोनेरी नावाच्या मधोमध. कुजलेली मुळं छाटली. टणक मुळं आठ निघाली. ती नव्या शेंडीत आणि धुतलेल्या कोळशात बसवून तिनं झाड सावलीला टांगलं.

जुन्या कुंडीचे तुकडे तिनं गोळा केले आणि आबासाहेबांच्या नावासकट कचऱ्यात टाकले. या खेपेला तिनं त्यातलं काही उचललं नाही.